स्लीव्हमोरची मोजणी : माझ्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

चला, सुरुवात करतेय एकदाची. आज इथे आयर्लंडमध्ये बायकांचा ख्रिसमस असतो, नॉलिग ना मॉन म्हणतात, म्हणजे आज घरातल्या बायकांनी कामाला हात लावायचा नाही. मी नाइट ड्युटी करून आले, चहा केला आणि लॅपटॉप उघडून बसले, आता हे कामात धरायचं की नाही देव जाणे.

प्रकल्प असा आहे की एक टाउनलँड घ्यायचा, त्याचे जुने-नवे नकाशे एकावर एक बसवायचे, मग स्वतः पायी फिरून बघायचं आणि सगळ्याचा मिळून एक मराठी नकाशा करायचा. मोठ्या कागदावर छापून बाबांना पाठवणार. बाबा तलाठी होते, अख्खी नोकरी गावनकाशे, फेरफार आणि सातबाऱ्यात गेली, आणि रिटायर झाल्यापासून टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या घालणं एवढंच काम उरलंय त्यांना.

टाउनलँड म्हणजे काय हे मला इथे आल्यावर पार्सलमुळे कळलं. कॅसलबारला पहिलं घर घेतलं ते गावाबाहेर होतं, पत्त्यात घर नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही, नुसतं आपलं नाव, टाउनलँड आणि काउंटी मेयो. मी घरमालकीणबाईंना विचारलं की नंबर काय लिहू, तर त्या म्हणाल्या पोस्टमनला माहितीये. २०१५ मध्ये एअरकोड, म्हणजे इथले पिनकोड, आले, तोवर सगळ्या ग्रामीण आयर्लंडचं असंच चालायचं आणि अजूनही बरंचसं तसंच चालतं. असे साधारण ६१,००० टाउनलँड आहेत या बेटावर. काही दोन-चार शेतांएवढे, काही अख्खा डोंगर. वरून खाली उतरायचं तर प्रांत, काउंटी, बॅरनी, सिव्हिल पॅरिश आणि मग टाउनलँड.

बाबांना फोनवर हे सांगितलं तर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे जिल्हा, तालुका, सर्कल, मौजे. त्यात काय एवढं. तलाठी कोण?"

तलाठी नाही बाबा.

"मग चालतं कसं?"

१४ जानेवारी

टाउनलँड ठरला. स्लीव्हमोर, अ‍ॅकिल बेटावरचा. आयरिशमध्ये स्लीव म्हणजे डोंगर आणि मोर म्हणजे मोठा, त्यामुळे मराठीत सरळ "मोठा डोंगर", नावात काव्य वगैरे काही नाही. कॅसलबारहून न्यूपोर्ट, मलरॅनी, अ‍ॅकिल साउंडचा पूल, मग कील, गाडीने सव्वा-दीड तास. अ‍ॅकिल म्हणजे आयर्लंडच्या किनाऱ्यालगतचं सगळ्यात मोठं बेट, १४८ चौरस किलोमीटर, आणि त्यातला हा डोंगर ६७१ मीटर. आपल्याकडच्या हिशोबाने फार काही नाही, पण समुद्रातून सरळ उठतो म्हणून छाती दडपते. माथा बहुतेक वेळा ढगात असतो.

हाच का घेतला, तर डोंगराच्या दक्षिण उतारावर, जुन्या स्मशानभूमीपासून पश्चिमेकडे, एका पायवाटेच्या कडेने दीडेक किलोमीटर नुसती घरंच घरं आहेत. छप्पर एकालाही नाही. ८० ते १०० भरतील. सगळे याला "डेझर्टेड व्हिलेज" म्हणतात, ओसाड गाव, आणि कुणालाही विचारा, एका वाक्यात उत्तर मिळतं की दुष्काळात ओस पडलं. मी गेल्या सप्टेंबरात पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही तेच सांगितलं, मीही मान डोलावली, फोटो काढले आणि कीलला येऊन चिप्स खाल्ले. नकाशाला तात्पुरतं नाव देऊन ठेवलंय : "दुष्काळात ओस पडलेलं गाव".

२१ जानेवारी

आजचा अख्खा दिवस १८३८ च्या नकाशात गेला. डोळे दुखतायत पण मजा आली.

ही आयर्लंडची पहिली ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे सरकारी जमीनमोजणी. १८२४ ला सुरू झाली, १८४६ पर्यंत सगळ्या बेटाचे नकाशे छापून झाले, एका मैलाला सहा इंच या मापाने. एवढ्या मोठ्या मापावर अख्खा देश मोजायचं कारण काय, तर कर. काउंटी सेस नावाचा स्थानिक कर टाउनलँडवर बसायचा आणि कुठल्या टाउनलँडची हद्द कुठवर आणि क्षेत्र किती याचा धड पत्ता कुणालाच नव्हता. बाबा म्हणाले, "मोजणी सारा बसवायलाच असते, कुणाला हौस नसते." बरोबर आहे.

या सर्व्हेचा प्रमुख होता थॉमस कोल्बी. त्याने मोजणीसाठी पितळ आणि लोखंडाच्या जोड-पट्ट्या बनवून घेतल्या होत्या, दोन्ही धातू गरमीने वेगवेगळे वाढतात, त्याचा असा मेळ घातलेला की दोन खुणांमधलं अंतर हलतच नाही. आणि इथे मी खुर्चीतून उठले, कारण १८२९ मध्ये हे सगळं बघायला आयर्लंडला कोण आला होता, तर जॉर्ज एव्हरेस्ट, तोच तो, शिखरवाला. आजारपणाच्या रजेवर इंग्लंडला आलेला होता. परत जाताना तो कोल्बीच्या पट्ट्यांचा संच हिंदुस्थानात घेऊन गेला आणि कलकत्त्याची आणि नंतर डेहराडूनची पायारेषा, म्हणजे जिच्यावर पुढची सगळी मोजणी उभी राहते ती रेघ, त्या पट्ट्यांनीच मोजली. म्हणजे अ‍ॅकिलचा आणि आपला नकाशा एकाच पट्टीचे नातेवाईक निघाले. बाबांना हे सांगितल्यावर पहिल्यांदाच ते दोन मिनिटं गप्प बसले.

नकाशावर गाव काय दाट दिसतं! काळे छोटे चौकोन, शंभरावर आहेत, सांडलेल्या तिळासारखे. रस्त्याच्या कडेने ओळीत नाहीत, तीन घोळके आहेत. घोळक्यांची नावं पुढे लिहीन, त्यात गंमत आहे.

३ फेब्रुवारी

आज काहीच जमलं नाही. जुना नकाशा क्युजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅटेलाइट फोटोवर बसवला तर सगळी घरं चाळीसेक मीटर बाजूला सरकलेली, भिंती शेतात आणि शेतं पायवाटेवर. तीन तास ताणून-ताणून बसवत होते. मग लक्षात आलं की मी जुना आयरिश ग्रिड निवडला होता आणि फोटो जगाच्या ग्रिडवर, मधलं रूपांतर लावलंच नव्हतं. एक क्लिक. एका क्लिकसाठी तीन तास. बाबांना सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी

ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन. हे प्रकरण बाबांच्या काळजाला हात घालणारं आहे. रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या माणसाच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात अख्ख्या आयर्लंडच्या जमिनींची आणि घरांची करआकारणी झाली, टाउनलँडनिहाय, आणि ते सगळं छापलेलं आहे, आता ऑनलाइन फुकट बघता येतं. रकाने असे : कब्जेदार कोण, त्याला जमीन कुणी दिली, वर्णन, क्षेत्र, जमिनीचं मूल्य, घराचं मूल्य. मी स्क्रीन शेअर केला आणि बाबा चष्मा लावून असे पुढे सरसावले जणू ऑफिसात खातेदार येऊन उभा राहिलाय. पहिला प्रश्न, "मालक कोण आणि कूळ कोण?" दुसरा प्रश्न, "क्षेत्र कशात लिहिलंय?"

क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. चार रूडचा एकर, चाळीस पर्चचा रूड. बाबांनी तोंडी हिशोब केला : एकराला १६० पर्च, एकराला ४० गुंठे, म्हणजे चार पर्चचा एक गुंठा. "सोपंय की." मी आठवडाभर कन्व्हर्टर शोधत होते.

मालक बघायला गेलं तर अ‍ॅकिलची जमीन आधी न्यूपोर्टच्या ओडॉनेल घराण्याची. त्यांच्या डोक्यावर कर्ज झालं आणि १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला बेटाचा मोठा भाग अ‍ॅकिल मिशनने विकत घेतला. मिशनबद्दल पुढे लिहिते, ते एका वाक्यात उरकणारं नाही.

कुळांकडे आलं की मग रनडेल आलं. अख्ख्या वस्तीने मिळून जमीन खंडाने घ्यायची, डोंगर चराईला सामायिक ठेवायचा, आणि कसायची जमीन अशी वाटायची की चांगल्यातली थोडी, बरीतली थोडी, वाईटातली थोडी प्रत्येकाला. त्यामुळे एका घराचे दोन-तीन तुकडे दोन-तीन दिशांना. अशा गावांच्या पानांवर एका क्षेत्रासमोर नावांची रांग आणि सगळ्यांना मिळून एकच कंस. बाबा म्हणाले, "सामाईक खातं." मग जरा थांबून, "भांडणं किती झाली असतील गं." डोंगरावर कुणी किती जनावरं सोडायची त्याचंही माप होतं, कॉलप म्हणायचे, एक मोठी गाय म्हणजे एक कॉलप, मेंढ्या असल्या तर अमुक मिळून एक. मला हे माप फार आवडलं, जमीन एकरात न मोजता गाईत मोजायची.

९ मार्च

पहिली फील्ड व्हिजिट. सकाळी सातला निघाले, मलरॅनीपर्यंत ऊन, अ‍ॅकिल साउंडला पाऊस, कीलला परत ऊन आणि स्मशानाच्या गेटपाशी गारा. हे सगळं दीड तासात.

आधी जमीन बघितली, घरं नंतर. उतारावर ऊन तिरकं पडलं की सगळा डोंगर कंगवा फिरवल्यासारखा दिसतो, वरपासून खालपर्यंत रेघाच रेघा. हे बटाट्याचे वरंबे. इंग्रजीत याला लेझी बेड म्हणतात, आळशी वाफे, आणि ज्याने कुणी हे नाव दिलं त्याला फावडं देऊन इथे उभं करायला पाहिजे होतं. दोन्ही बाजूंनी माती कापून मधल्या पट्ट्यावर उलटी टाकायची, गवत आत दाबलं जातं, त्यात समुद्रावरून पाठीवर आणलेलं शेवाळ घालायचं, त्यात बटाटा. पाणी दोन्ही बाजूंच्या सरीतून वाहून जातं. बघितलं तर आपलंच सरी-वरंब्याचं डोकं आहे, फक्त तिथे सरीने पाणी आणायचं आणि इथे सरीने पाणी घालवायचं. मी टेप लावली, एका सरीपासून दुसऱ्या सरीपर्यंत पावणेदोन मीटर. नांगर लागलेली जमीनच नाही ही, सगळं हातफावड्याने. आणि हे वरंबे घरांच्या कितीतरी वर चढलेले आहेत, जिथे मला नुसतं चालताना धाप लागत होती.

मग एक घर निवडलं, पायवाटेलगतचं, भिंती खांद्याएवढ्या शाबूत. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, कोकणातल्या गडग्यासारखा, पण रुंदी बघा, माझा अख्खा हात आत जाईल एवढी जाड भिंत. आतून मोजलं, साधारण सात मीटर लांब आणि साडेतीन रुंद, एकच खोली. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, मध्ये भिंत नाही. आणि गुरांच्या टोकाला भिंतीत, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, एक दगड बाहेर आलेला आणि त्याला आरपार भोक. दावं बांधायची कडी. मी बोट घातलं. आतली कड गुळगुळीत, दोरीने घासून-घासून झालेली. जमिनीवर बसूनच राहिले तिथे थोडा वेळ. भोकातून बोट बाहेर काढावंसं वाटेना, का ते सांगता येत नाही. मग एक मेंढी दारात येऊन उभी राहिली, पाठीवर निळ्या रंगाचा पट्टा (इथे मालकी ओळखायला मेंढ्या रंगवतात), आणि माझ्याकडे अशी बघत होती की मीच तिच्या घरात घुसलेय, आणि तसंच होतं ते.

त्याच उतारावर, जरा पूर्वेकडे, नवाश्मयुगातली दगडी थडगी आहेत, पाच हजार वर्षांहून जुनी. म्हणजे हे गाव तसं कालचंच.

१० मार्च

वही हीटरवर वाळत घातलीय. तीन पानं गेली. पुढच्या वेळी पेन्सिल.

२४ मार्च

दोन आठवडे नुसतं वाचन, आणि नकाशाचं नाव डळमळायला लागलंय.

आधी दुष्काळाचं. आयरिशमध्ये त्याला दुष्काळ नाही म्हणत, आन गोर्ता मोर म्हणतात, मोठी भूक. ते जास्त बरोबर आहे, कारण पाऊस पडत होता, उलट ओल्या हवेनेच घात केला. १८४५ ला बटाट्यावर रोग आला, फायटोफ्थोरा नावाची बुरशीसारखी जात, पानं काळी पडतात आणि जमिनीतला बटाटा सडून वास मारतो. बाबांना वर्णन सांगितलं, ते लगेच म्हणाले, "करपा. टोमॅटोवर येतो तोच." तोच. फरक एवढाच की इथे गरीब माणूस जवळपास फक्त बटाट्यावर जगत होता. सगळ्या बेटात मिळून दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. एकट्या मेयो काउंटीची लोकसंख्या १८४१ ला ३,८८,८८७ होती, १८५१ ला २,७४,४९९. दहा वर्षांत जवळजवळ तीस टक्के गायब. आणि या सगळ्या काळात धान्य आणि गुरं जहाजाने बाहेर जातच होती, हे वाचून मी लॅपटॉप बंद करून भांडी घासली.

आता मिशन. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, डूगॉर्टला, एडवर्ड नँगल नावाच्या प्रोटेस्टंट पाद्रीने १८३४ पासून वसाहत थाटली. शाळा, दवाखाना, छापखाना, १८३७ पासून स्वतःचं वर्तमानपत्र. भुकेच्या वर्षांत मिशनने लोकांना खायला घातलं, हे खरं आहे, आणि खाणं आणि धर्म एका ताटात वाढले असा आरोपही तेव्हापासून आहे. जे मिशनकडे गेले त्यांना बाकीचे "सूपर" म्हणायचे, सूप खाऊन बाटलेले. ट्यूअमचे कॅथलिक आर्चबिशप मॅकहेल तर या माणसाच्या विरोधात हात धुवून मागे लागले होते. माझं मत विचाराल तर, पोरगं उपाशी असताना सूप कुणाच्या हातचं आहे हे आई बघत नाही, पण वाढणाऱ्याने तरी बघायला नको होतं.

तर स्लीव्हमोरचे लोक भुकेच्या काळात खाली समुद्राकाठी डूआ गावात सरकले, मासे-शिंपल्यांवर निदान पोट भरेल म्हणून, आणि बाकीचे परदेशी गेले. इथवर सगळे सांगतात तसंच. पण मग हे वाचलं : बेटाच्या दक्षिणेला किल्डॅव्हनेटजवळ आल्ट नावाची वस्ती होती, तिथल्या कुळांना १८५५ मध्ये जमीनदाराने हुसकून लावलं, गुरांना चराई पाहिजे म्हणून. त्या लोकांनी जमिनी कुठे घेतल्या? डुईगा, करॉन आणि स्लीव्हमोर.

स्लीव्हमोरला! भूक संपून गेल्यावर! म्हणजे ज्या टाउनलँडला मी दुष्काळात ओस पाडून मोकळी झाले होते तिथे १८५५ ला लोक राहायला येत होते.

नाव खोडलं. नवीन सुचत नाहीये.

१ मे

आज बेल्टनं, आयरिश उन्हाळ्याचा पहिला दिवस. खिडकीबाहेर नऊ डिग्री. असो.

आजच्या मुहूर्तावर बूलीबद्दल लिहिते. उन्हाळा लागला की गुरं खालच्या शेतांपासून लांब डोंगरावर चरायला न्यायची, म्हणजे खाली पीक वाचतं आणि गवत वाढतं, आणि गुरांबरोबर घरातली तरुण पोरं-पोरी जायची आणि तिथेच राहायची, दूध काढायचं, लोणी करायचं. थंडी लागली की परत खाली. अशी राहायची जागा म्हणजे बूली. आयर्लंडभर ही पद्धत होती आणि सगळीकडे कधीच बंद पडली, अ‍ॅकिलवर मात्र टिकली. आणि डूआला गेलेल्या लोकांची बूली कुठे होती? त्यांच्याच जुन्या घरांत, स्लीव्हमोरला. १९४० च्या दशकापर्यंत!

शंभर वर्षं हो. शंभर वर्षं दर उन्हाळ्यात त्या ओसाड गावात चुली पेटत होत्या. आणि हे काही लपवलेलं नाही, वाचणाऱ्याला लगेच सापडतं, पण ओसाड म्हटलं की फोटो चांगला येतो.

आता त्या तीन घोळक्यांची नावं. तूर, तूर रीवख आणि फाय. आयरिशमध्ये तूर म्हणजे गुरांचं रान, कुरण. रीवख म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा, कबरा, गाईच्या अंगाला वापरतात तसा शब्द. फाय म्हणजे हिरवळ, गवताचा माळ. म्हणजे गाव नावापासूनच कुरणाचं होतं. कुरणावर कधी बारमाही घरं झाली, कधी परत उन्हाळी. यातलं "ओस पडणं" नक्की कुठल्या तारखेला झालं ते कुणी मला दाखवावं.

नावांच्या उच्चारासाठी वॉर्डातल्या एका सहकारिणीच्या मागे लागले, ती आयरिश शाळेत शिकलेली. तिने चार वेळा म्हणून दाखवलं. माझा रीवख ऐकून शेवटी म्हणाली की तुझा "ख" आमच्या पोरांपेक्षा बरा आहे.

१२ मे

दुसरी फील्ड व्हिजिट. ऊन! दिवसभर! मान भाजली.

आज फक्त मोजणी. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना ९१ घरं भरली. परत येताना ८६. मग जेवले आणि फक्त मधला घोळका परत मोजला, तो पण वेगळा आला. आता कळलं की सगळीकडे "८० ते १००" असं मोघम का लिहितात. एका घराच्या भिंतीला दुसरं टेकलेलं असतं, ते घर की गोठा? चार दगडांचा ढीग, तो घर होता की घराचे दगड काढून घातलेलं कुंपण? नंतर आलेल्यांनी जुनी घरं पाडून लहान खोपटं केलेली जागोजाग दिसतात, मोठ्या आयताच्या एका कोपऱ्यात छोटा आयत, आणि ते बहुतेक बूलीवाल्यांचं काम असावं असं मला बघताक्षणी वाटलं, कारण चार महिन्यांसाठी कोण सात मीटर शाकारत बसेल. १९९१ पासून इथे एक पुरातत्त्वाची फील्ड स्कूल उन्हाळ्यात खोदकाम करत आलीय. मी अर्थात एक दगड हलवला नाही, हलवायचाही नसतो, इथे परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर नेणंसुद्धा गुन्हा आहे.

कीलला दुकानात पाणी घ्यायला थांबले तर काउंटरपाशी एक आजोबा, माझ्या हातातला नकाशा बघून विचारलं काय चाललंय. सांगितलं. हसले आणि म्हणाले की माझी आई लहानपणी वर जायची, गुरांबरोबर. मी विचारलं, काय सांगायच्या त्या? मला वाटलं आता काहीतरी मोठ्ठं ऐकायला मिळणार. ते म्हणाले, "मजा यायची म्हणायची. आईबाप खाली, पोरं सगळी वर."

एवढंच. पाण्याचे पैसे दिले आणि गाडीत येऊन खदखदून हसले. मी पाच महिने भूक, खंड, हुसकावणी वाचतेय आणि त्या पोरींना तिथे मजा यायची!

बाय द वे, याच डूआच्या वर कॉरीमोर नावाचं घर आहे, तिथे एक चार्ल्स बॉयकॉट नावाचे गृहस्थ राहायचे, १८५० च्या दशकात बेटावर आलेले. पुढे ते मेयोतच लॉख मास्कला गेले आणि १८८० मध्ये लोकांनी त्यांच्याशी सगळा व्यवहार बंद केला, त्यांचं नावच क्रियापद झालं. बाबांना सांगितल्यावर, "म्हणजे टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार या बेटावर भाड्याने राहत होता." बाबा फॉर्मात आहेत.

२ जून

जनगणना. १९०१ आणि १९११ ची घरटी कागदपत्रं ऑनलाइन आहेत, नाव, वय, भाषा, घराला खिडक्या किती, छप्पर गवताचं की कसं, सगळं. त्याआधीचं जवळपास काही नाही. १८२१ ते १८५१ ची बरीचशी १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या आवारातल्या आगीत जळाली आणि १८६१ ते १८९१ ची सरकारनेच नष्ट केली, त्यातली १८८१ आणि १८९१ ची तर लगदा करून. हे दुसरं ऐकून बाबांना जो धक्का बसला तो दहा लाख मृत्यू ऐकूनही बसला नव्हता. "दप्तर? लगदा?"

फॉर्मच्या भाषेच्या रकान्यात आयरिश आणि इंग्रजी अशा जोडनोंदी खूप. आणि अजून एक, घरटी फॉर्म वाचताना सारखं जाणवतं की तरुण माणसं कामाला बाहेर जाणारी आहेत. अ‍ॅकिलची पोरं-पोरी दर उन्हाळ्यात स्कॉटलंडला बटाटे काढायला जायची. १४ जून १८९४ ला स्कॉटलंडच्या बोटीकडे जाणाऱ्यांची होडी वेस्टपोर्टजवळ उलटली, ३२ जण बुडाले, बहुतेक कोवळी पोरं. त्यांचे मृतदेह घेऊन आलेली गाडी ही नव्या रेल्वेवरची अ‍ॅकिलकडे आलेली पहिली गाडी. १९३७ मध्ये स्कॉटलंडमध्ये कर्किन्टिलॉकला झोपायच्या खोपीला आग लागून अ‍ॅकिलची दहा मुलं गेली, आणि तेव्हा तोवर बंद होत आलेल्या त्याच रेल्वेने त्यांना घरी आणलं. त्या रुळांच्या जागी आता सायकल ट्रॅक आहे, ४२ किलोमीटर, मी दोनदा चालवलाय, आइस्क्रीम खात.

म्हणजे एकाच घरातून एक पोरगी उन्हाळ्यात डोंगरावर गाईंमागे आणि दुसरी स्कॉटलंडच्या बटाट्यात, असं असणार. नकाशावर स्लीव्हमोरहून एक बाण वर आणि एक बाण समुद्रापार काढलाय. कागदाच्या कडेला बाण संपतो.

१६ जून

नकाशा जवळपास झाला. करड्यात १८३८ ची घरं, काळ्यात आज उभ्या भिंती, हिरव्या रेघांत वरंबे, निळ्यात ओढे, तीन घोळक्यांची नावं देवनागरीत आणि खाली कंसाशिवाय अर्थ. जिल्हा-तालुक्याच्या धर्तीवर कोपऱ्यात चौकट : काउंटी मेयो, बॅरनी बरिशूल, पॅरिश अ‍ॅकिल, मौजे स्लीव्हमोर. नाव पण साधंच ठेवलं, "मौजे स्लीव्हमोर".

पीडीएफ पाठवली. बाबांचा फोन वीस मिनिटांत.

"छान आहे. पण शेऱ्याचा रकाना कुठाय?"

मी म्हटलं बाबा हा नकाशा आहे, सातबारा नाही.

"शेरा लागतो. पुढच्या माणसाला काय कळणार जमिनीचं आज काय चाललंय ते?"

बरं, लिहिते म्हटलं, आणि टाइप केलं : कायम पड.

"पड कशी? तू गेलीस तेव्हा मेंढ्या होत्या ना?"

होत्या.

"कुणाच्या तरी आहेत ना त्या? रंग लावलेला?"

निळा.

"मग गवतपड लिही. चराई चालू आहे. उगाच चुकीचा शेरा नको."

खोडून गवतपड लिहिलं. फाइल नव्याने सेव्ह केली, उद्या छापायला टाकते. आठ वाजले, ड्युटीला निघायला हवं.